रेषा कुणाच्या हातची

शनिवारी दुपारी फोन वाजला तेव्हा घरात एकटे आप्पा होते. मुलगा साइटवर, सून कपड्यांच्या कारखान्यात, नात कॉलेजच्या कामासाठी बाहेर. फोन होता नातीच्या आर्किटेक्चर कॉलेजमधल्या ड्रॉइंगच्या मॅडमचा. त्यांनी जरा आडवळणाने विचारलं, "घरात कुणी ड्राफ्ट्समन आहे का हो?"

अडतीस वर्षं बांधकाम खात्याच्या नकाशाघरात बोर्डावर वाकून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आप्पांचा आवाज एकदम ताठ झाला. "आहे की! मीच."

"मग ते वाचनालयाचं पर्स्पेक्टिव्ह ड्रॉइंग तुम्ही पाहिलं असेल. जिन्याच्या बाजूने काढलेलं."

"पाहिलं असेल म्हणजे? मीच काढलंय ते," आप्पा म्हणाले. "कसं वाटलं?"

कसं वाटलं ते मॅडमनी सांगितलं नाही. संध्याकाळी नातीच्या, म्हणजे बारकीच्या, मोबाइलवर कॉलेजचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहा वाजता तिघांच्या समितीपुढे पालकांसह हजर राहायचं. दुसऱ्याच्या हातचं काम स्वतःचं म्हणून दिल्याचं ठरलं, तर दुसरं वर्ष पुन्हा.

रविवारी अकरा वाजून गेले तरी आईने स्वयंपाकाला हात लावला नव्हता. जेवणाच्या टेबलापाशी बारकी बसली होती आणि तिचे बाबा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होते. आतल्या खोलीत आप्पा उद्यासाठी शर्ट निवडत होते. आपल्याला समितीने जाणकार म्हणून बोलावलंय, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि ती मोडायची हिंमत कालपासून कुणालाच झाली नव्हती.

"एकदाच विचारतो," बाबा आवाज दाबून म्हणाले. "ते तू काढलंस की आप्पांनी?"

"मी."

"मग आप्पा खोटं बोलतायत?"

"नाही."

"अगं, दोन्ही कसं खरं असेल? भिंत एक तर उभी असते, नाहीतर पडलेली असते. माझ्या साइटवर अर्धी पडलेली भिंत असली तरी मी तिला पडलेलीच म्हणतो."

बारकीने मान खाली घातली. आई तिच्या हाताकडे बघत राहिली. कापडावर खडू फिरवून कटिंग करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती; कारखान्यात तिला सगळे मास्टर म्हणत. कुठला हात किती काम करतो ते तिला बोटांवरून कळायचं. बारकीच्या मधल्या बोटाला पेन्सिलचा टणक घट्टा पडला होता आणि तळहाताची कड शिशाने काळी झाली होती, कितीही साबण लावला तरी न निघणारी. त्याहून जास्तही आईला माहीत होतं. पण ते बारकीने सांगावं, म्हणून ती गप्प बसली होती. आता मात्र तिला वाटू लागलं होतं की ही पोर सांगणारच नाही. वर्ष घालवेल, पण सांगणार नाही.

बेल वाजली. बाबांनी दार उघडलं आणि क्षणभर तसेच उभे राहिले.

"आत घेणार आहेस की इथूनच जाऊ?" आत्याने विचारलं.

सव्वा वर्षाने ती या घरात येत होती, तीही आईने रात्री फोन केला म्हणून. आप्पांना अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना आपल्याकडे न्यायचं, चोवीस तास नर्स ठेवायची, असा तिचा हट्ट होता. बाबांनी, तिच्या धाकट्या भावाने, तो मानला नाही. त्या आधीच्या आणि नंतरच्याही गोष्टी मग निघाल्या आणि दोघांचं बोलणं फोनवरच्या 'बरे आहेत' एवढ्यावर आलं. बारकीने आर्किटेक्ट व्हावं हाही आत्याचाच आग्रह. तिचं स्वतःचं ऑफिस होतं, हाताखाली बारा माणसं होती.

"तूच घातलंस तिला यात," बाबा म्हणाले. बसा-पाणी घ्या नाही, काही नाही.

"भांडायचं असेल तर नंतर भांडू. आधी मला ती शीट दाखवा."

बारकीने मोबाइलवर शीटचा फोटो उघडून पुढे केला. आत्याने चष्मा चढवला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. वाचनालयाचं दार, आतला उंच दिवाणखान्यासारखा भाग, उजवीकडून वर जाणारा जिना. सगळं हाताने काढलेलं, पेन्सिलने. आत्या चित्र पाहतच नव्हती. ती रेषा पाहत होती. सुरुवातीला किंचित दाबलेली, मध्ये हलकी, शेवटाला पुन्हा दाबलेली. दोन रेषा कोपऱ्यात भेटायच्या तिथे एकमेकींना केसभर ओलांडून गेलेल्या. ओढताना पेन्सिल बोटांत फिरवत नेली की टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेषा शेवटपर्यंत सारख्या जाडीची राहते. तीही खूण तिथे होती. लहानपणी आप्पांच्या बोर्डाखाली बसून तिने हेच पाहिलं होतं. पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र कुणाचं ते कळतं, तसं तिला कळलं.

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. "बारके, ही आप्पांची रेषा आहे."

"आत्या..."

"मला फसवू नकोस. मी चूक चालवून घेते, पण खोटं नाही. उद्या समितीपुढे सरळ कबूल कर. मदत घेतली म्हण. कदाचित नुसती समज देऊन सोडतील."

बारकीचे डोळे भरले. बोलले ते बाबा. आणि कालपासून तिला फैलावर घेणारे तेच बाबा आता टेबलावर हात आपटून बहिणीकडे वळले. "माझी पोरगी खोटं बोलत नाही."

"आत्ता तूच तिला विचारत होतास. दाराबाहेर ऐकू येत होतं."

"मी विचारीन. तू ठरवायचं नाहीस."

"मग आप्पा खोटं बोलतात म्हण. म्हण की!"

आतल्या खोलीत हँगर पडल्याचा आवाज झाला. आई उठली, बारकीच्या दंडाला धरून तिला तिच्या खोलीत घेऊन गेली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक भेंडोळं काढून तिने पलंगावर टाकलं.

बारकीने ते चटकन जवळ ओढलं. "तुला कधी सापडलं?"

"हिवाळ्यात. गादी उन्हात टाकायला ही चादर काढली तेव्हा. मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून."

आईने चादर उलगडली. ट्रेसिंग पेपरचे तुकडे होते, तीन-चारशे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारकीच्या अक्षरात तारीख. आणि प्रत्येकावर रेषा, थरथरत्या, वाटेत तुटलेल्या, कुठे एकाच जागी तीनदा गिरवलेल्या. खिडकी काढायला घेतलेली आणि चौकटीच्या तिसऱ्या बाजूला हात घसरून कागदाबाहेर गेलेला.

"आप्पांच्या आहेत," बारकी म्हणाली, आणि मग सगळं सांगून मोकळी झाली.

झटक्यानंतर दुसऱ्या महिन्यात आप्पा बोर्डापाशी येऊन बसले होते. सकाळी साडेसहा ते आठ, तिच्या अभ्यासाच्या वेळी. ते शिकवत, ती काढत. एकदा त्यांनी पेन्सिल हातात घेतली, एक रेषा ओढली, तिच्याकडे पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत की कुणाशी बोलले नाहीत. डॉक्टरांना वाटलं औषध लागू पडत नाही. तिसऱ्या दिवशी बारकीने त्यांच्या त्या रेषेवर नवा कागद ठेवून ती नीट ओढली, अगदी त्यांच्यासारखी, त्यांच्या जुन्या नकाशांत असायची तशी, आणि बोर्डावर लावून ठेवली. सकाळी आप्पांनी ती पाहिली. "काल एवढी वाईट नव्हती की," म्हणाले, आणि पेन्सिल उचलली.

"मग रोजच सुरू झालं. ते सकाळी काढायचे, मी दुपारी स्वच्छ करून ठेवायचे. त्यांना वाटायचं, हात सुधारतोय. खरंच सुधारले ते, आई. जेवायला लागले. चालायला लागले."

"आणि वाचनालय?"

"ते पहिल्या रेषेपासून माझं. पण ते शेजारी बसलेले असायचे. क्षितिजरेषा कुठे घ्यायची, दूरच्या रेषा कुठल्या बिंदूला जाऊन मिळणार, सगळं बोलत होतो आम्ही. आणि हात तर त्यांचाच झालाय माझा. मलासुद्धा आता वेगळा ओळखता येत नाही. त्याची झेरॉक्स त्यांच्या खोलीत लावली, तर त्यांना ते आपलंच वाटलं. मी काही बोलले नाही."

दारात हालचाल झाली. आत्या उभी होती, तिच्या मागे बाबा. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. आत्या पलंगावर बसली, एकेक कागद उचलून पाहू लागली. एका कागदाशी ती बराच वेळ थांबली. मग तिने तोंड पुसलं आणि तिचा कामाचा आवाज परत आला.

"हे उद्या न्यायचं. तारखा आहेत, हात कुणाचा चालतो आणि कुणाचा नाही ते डोळ्यांनी दिसतंय. पाच मिनिटांत प्रश्न मिटेल."

"आप्पांसमोर?" बारकी म्हणाली. "त्यांनी उद्यासाठी शर्ट काढून ठेवलाय, आत्या."

"त्यांना नेऊच नका."

"आणि काय सांगणार त्यांना?" बाबा म्हणाले. ते दाराच्या चौकटीला टेकले होते. "हे बघा, वर्ष गेलं तर गेलं. वर्षाने काही होत नाही. पण त्या माणसाला हे कळलं तर तो पुन्हा उठायचा नाही."

"वर्ष तिचं आहे, तुमचं नाही," आई म्हणाली. कालपासून पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. "आणि नुसतं वर्ष नाही. कॉपी केली, असा शिक्का बसेल. चौदा महिने ही मुलगी रोज पहाटे उठली, आणि तुम्ही म्हणता जाऊ दे?"

"पण मी समोर बसून काढून दाखवीन," बारकी घाईने म्हणाली. "कागद न्यायलाच नको. त्यांना म्हणेन, आत्ता काढते, बघा."

यावर आईने तिच्या हाताकडे पाहिलं. कारण पहिल्या वर्षीची परीक्षा सगळ्यांना आठवत होती. हॉलमध्ये सर मागे येऊन उभे राहिले आणि बारकीचा हात जो आखडला तो आखडलाच. साधा घनाकृती ठोकळा वाकडा आला. कशीबशी पास झाली. मॅडमचा संशय तिथूनच निघाला होता. ज्या मुलीला वर्षापूर्वी ठोकळा जमला नाही, तिने हा जिना काढला?

शेजारच्या खोलीत आप्पा शर्ट बाजूला ठेवून भिंग शोधत होते. उद्या समिती विचारणार, मग आपलं काम एकदा नजरेखालून घातलेलं बरं. शीटची छोटी झेरॉक्स त्यांच्या भिंतीवर टाचलेली होती. ती त्यांनी काढून टेबलावर घेतली आणि दिव्याखाली धरली.

दार त्यांना आठवलं. दाराची उंची किती घ्यायची यावरून बारकीशी झालेला वाद आठवला. खिडक्या आठवल्या. जिन्याशी आल्यावर मात्र ते अडखळले. हा आपण कधी काढला? सोमवारी? पाऊस होता त्या दिवशी? त्यांनी भिंग जवळ नेलं. जिन्यावर एक माणूस होता, करंगळीच्या नखाएवढा. आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नकाशाघरात माणसं काढायची पद्धत नव्हती. मोठे साहेब म्हणायचे, आपण जागा काढायची, माणसं आपली आपण येतात. अडतीस वर्षांत आप्पांनी एकही माणूस काढला नव्हता.

तो माणूस म्हातारा होता. डावा हात कठड्यावर, डावा पाय वरच्या पायरीवर, आणि मागचा उजवा पाय जरासा फरपटलेला, टाच वळलेली.

आप्पा आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

मग त्यांनी कठडा पाहिला. पायऱ्या संपल्या तरी तो थांबला नव्हता. पुढे सपाटीवर हातभर गेला होता. असं ते कधी करत नसत. पायरी संपली की कठडा संपला, हा त्यांचा हिशेब. पण गेलं वर्षभर दवाखान्याच्या जिन्यावर शेवटच्या पायरीनंतर त्यांचा हात हवेत चाचपडायचा, आणि दर वेळी बारकी आपला खांदा पुढे करायची.

ते बाहेर आले तेव्हा चौघंही बारकीच्या खोलीत उभे होते. पलंगावर कागद पसरलेले होते, ते झाकायला कुणालाही वेळ मिळाला नाही.

"हा जिना मी काढलेला नाही," आप्पा म्हणाले.

आप्पांनी पलंगाकडे पाहिलं. मग ते बोर्डापाशी गेले, टी-स्क्वेअरची पट्टी सरकवली, पेन्सिल उचलली आणि सगळ्यांच्या देखत एक रेषा ओढली. ती टी-स्क्वेअरच्या कडेनेही सरळ गेली नाही. वीतभर गेल्यावर हात उचलून त्यांनी ती पाहिली. खाली वाकून नीट पाहिली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"चौदा महिने," बारकी म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"आणि मी तुला सांगत होतो, बघ, हात कसा वळणावर येतोय." ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "घरभर माहीत होतं?"

"मला हिवाळ्यापासून," आई म्हणाली. "ह्यांना आणि ताईंना आत्ता कळलं."

"आप्पा, तुम्ही जेवत नव्हता..." बारकी पुढे झाली.

"लहान मुलाला फसवतात तसं फसवलंस मला. मी त्या बाईंना फोनवर विचारलं, कसं वाटलं म्हणून." ते वळले, आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

जेवण झालं नाही. ताटं मांडली गेली आणि तशीच उचलली गेली. बाबा दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. "आप्पा, औषध?" या प्रश्नाला आतून उत्तर आलं नाही. त्यांनी दाराला कान लावला आणि श्वासाचा आवाज येतोय म्हणून खूण केली, तेव्हा कुठे आई खुर्चीवर टेकली.

"मी वेळेवर ओळखलं असतं तर," आत्या म्हणाली. ती भावाशी बोलत होती. "मी इथे येतच नव्हते, तर ओळखणार काय. त्यांचा हात गेलाय हे मला माहीतच नव्हतं. फोनवर ते म्हणायचे, मी काढतोय रोज, आणि मला बरं वाटायचं."

"मी रोज इथेच असतो," बाबा म्हणाले. "मलाही कुठे दिसलं? बोर्डावरचं चित्र चांगलं की वाईट, मला कळत नाही. तुला कळायचं म्हणून ते तुला शिकवायचे, मला साइटवर पाठवायचे." हे ते तीस वर्षांनी बोलत होते. आत्याने आपल्यापुढची पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

बारकी पलंगाच्या कडेवर बसून घड्याळ बघत होती. एक. दीड. अडीच. उद्या दहा वाजता काय सांगायचं, ते तिला आता सुचत नव्हतं, आणि त्याचं विशेष काही वाटतही नव्हतं. आतला माणूस दार उघडेल की नाही एवढंच तिला कळत नव्हतं.

चारच्या सुमाराला कडी निघाली. आप्पांनी तोंड धुतलेलं होतं. ते कुणाकडेही न बघता बोर्डापाशी आले.

"कोरा कागद लाव," ते बारकीला म्हणाले. "उद्या ते काढून दाखव म्हणणार. म्हणणारच. मी समितीत असतो तर मीही म्हटलं असतं. समोरच्या खोलीचं दार काढ. दोन बिंदूंतलं पर्स्पेक्टिव्ह."

"आप्पा, मला माफ..."

"त्याचं नंतर बघू. माझा राग गेलेला नाही. काढ."

ती बसली. आप्पा तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि तिचा हात आखडला. पेन्सिल कागदाला लागली, दोन बोटं पुढे गेली आणि थांबली.

"हेच ना? मागे कुणी आलं की असं होतं? शेजारी बसलो तर होत नाही?"

तिने मान हलवली.

"सगळे इकडे या," आप्पा म्हणाले. "तिघंही. तिच्या मागे उभे राहा. तुम्ही समिती."

बाबा, आई, आत्या ओळीने उभे राहिले. बाबांनी पाठीमागे हात बांधले, कसं वागायचं ते न कळून एकदा खाकरले. "असंच," आप्पा म्हणाले. "आणखी खाकर. सूनबाई, तुम्ही वेळ सांगा. मध्येच सांगा. आणि तू," ते आत्याला म्हणाले, "तुझ्या त्या किल्ल्या पाड. तिच्या कानाजवळ."

किल्ल्या पडल्या. पेन्सिलचं टोक मोडलं. आत्याने ती पेन्सिल घेतली, पर्समधून ब्लेड काढलं आणि लांब, बारीक टोक काढून परत दिली. पुन्हा मोडलं. पुन्हा काढून दिलं. तिसऱ्यांदा देताना ती हळूच म्हणाली, "मी बारा वर्षांत हाताने एक जिना काढलेला नाही, बारके. आणि सकाळी मी तुझी परीक्षा घेत होते."

"बोलू नका, समिती," आप्पा म्हणाले. मग बारकीला: "श्वास धरून ठेवतेस तू. सोड. सोडता सोडता ओढ. रेषा कुठे संपणार ते बघ, पेन्सिलकडे बघू नकोस."

"अर्धा तास उरला," आई ओरडली, इतक्या मोठ्याने की बाबा दचकले आणि बारकीला हसू फुटलं. हसताना श्वास सुटला, आणि ती रेषा गेली. पुढची पुन्हा अडली. त्यापुढची गेली. सहा वाजेपर्यंत दार तयार झालं. चांगलं नव्हतं, पण बिजागरीच्या बाजूने थोडं उघडलेलं, खरं दार होतं. आप्पांनी ते पाहिलं आणि "हं" एवढंच म्हणाले. मग जेवायला मागितलं.

सोमवारी दहाला कॉलेजच्या त्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते, मधोमध ड्रॉइंगच्या मॅडम. आप्पा निवडलेल्या शर्टात आले होते. बाबा त्यांना हात द्यायला गेले, तो त्यांनी घेतला नाही. कुणी काही विचारायच्या आत ते उभे राहून बोलू लागले.

"शनिवारी मी फोनवर सांगितलं ते चूक होतं. मी खोटं बोललो नाही, मला तसंच वाटत होतं. माझा हात आता चालत नाही. कालपर्यंत मला ते माहीत नव्हतं." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती, ती त्यांनी तशीच थरथरू दिली. "ते काम हिचं आहे."

मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली. "आम्ही समजू शकतो," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला तिला काढायला सांगावंच लागेल."

"सांगा की," आप्पा म्हणाले. "त्यासाठीच आलोय."

घरच्यांना बाहेर बसवलं. बारकीला बोर्ड दिला, कागद दिला, दोन तास दिले. खोलीबाहेरचा व्हरांडा काढायचा, टोकाच्या पायऱ्यांसकट. तिने क्षितिजरेषा घेतली. मॅडम उठून मागे आल्या. पावलांचा आवाज पाठीशी येऊन थांबला आणि बोटं गार पडली. पहिली लांब रेषा मध्येच वाकली.

तिने खोडरबर उचललं नाही. वाकलेली रेषा भिंतीवरून गेलेल्या वायरच्या जागी आली होती. तिने तिथे वायरच काढली. मागे कुणीतरी खाकरलं. बाबांसारखं नव्हतं, पण खाकरणं ते खाकरणंच. तिने श्वास सोडला. छताची कड निघाली. मग खांब, एकामागून एक लहान होत गेलेले. तास उलटला तेव्हा ती मागे कोण आहे ते विसरली होती. व्हरांड्याच्या बाकापाशी तिने चार माणसं काढली. एक उभा, अस्वस्थ. एक बाई हातातली पर्स घट्ट धरून, दुसरी दाराकडे बघत. एक म्हातारा.

दोन तासांनी मॅडमनी ती शीट वाचनालयाच्या शीटशेजारी ठेवली. तिघं बराच वेळ वाकून पाहत राहिले. एका सरांनी भिंग घेतलं.

"पहिल्या वर्षी तुझा हात असा नव्हता," मॅडम म्हणाल्या.

"नव्हता. चौदा महिने आजोबांच्या रेषा गिरवल्या मी."

"वाचनालयाचं काम आम्ही स्वीकारतोय," मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मी आधी तुला विचारायला हवं होतं. घरी फोन केला, ते चुकलं."

बाहेर आत्याने तिला मिठी मारली, बाबांनी उगाच भिंतीचं प्लॅस्टर कसं लावलंय ते तपासलं आणि आईने सगळ्यांच्या देखत डोळे पुसले. आप्पांनी काय काढायला दिलं होतं ते विचारलं, वेळ पुरला का ते विचारलं, आणि घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत राहिले.

मंगळवारी सकाळी साडेसहाला बारकी बोर्डापाशी येऊन बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. पावणेसात झाले. आत आप्पांचं खोकणं ऐकू आलं, नळ वाहिला, बंद झाला. सात वाजले. तिने कागद लावला, टाचण्या नीट केल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या. हाक मारायला ती दोनदा उठली आणि दोनदा बसली.

सव्वासातला पावलं आली, एक ठाम, एक फरपटत. आप्पा खुर्चीत बसले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कागद आपल्याकडे ओढून पेन्सिल घेतली आणि रेषा ओढू लागले. ती डगमगली, थांबली, पुन्हा निघाली, कडेला पोचेपर्यंत दोनदा वाकली. बारकी श्वास रोखून बघत होती.

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"पुढची तू काढ," ते म्हणाले. "हिला हात लावायचा नाही."